नाचणाऱ्याचं कौतुक, बघणारीचं काय?

मॅनाकिन हे नाव मुळात जुन्या डच भाषेतलं. अर्थ, छोटा पुरुष. दुकानात साडी नेसवून उभा केलेला मॅनिकिन, तोही याच शब्दाचा भाऊ. म्हणजे या पक्ष्याच्या बारशालाच मादी बाजूला पडली बघा!

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांतला हा चिमणीहूनही लहान पक्षी. कोस्टारिकात यांतली लांब शेपटीची जात आहे. नर काळा, पाठ आभाळी निळी, डोक्यावर लालभडक टोपी, शेपटीत दोन लांबच लांब पिसं. मादी हिरवट, पानांत दिसायचीसुद्धा नाही. दोन नर एका सुरात ‘तोलेदो’ अशी हाळी घालतात आणि मग फांदीवर एकमेकांवरून उड्या मारत नाचतात. हे दोघे भाऊभाऊ असतील असं वाटेल, पण 1994 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की त्यांचं काही नातं नसतं. मादी मिळते ती बहुतेक थोरल्यालाच. दुसरा त्याची जागा मिळेल म्हणून वर्षानुवर्षं उमेदवारी करतो!

आणि ही सगळी मेहनत कोणासाठी? समोर बसलेल्या त्या हिरव्या बाईसाठी. नाही पसंत पडलं, तर ती सरळ उडून जाते. माद्यांच्या निवडीतूनच नरांचा असा थाट घडत गेला, हे डार्विनने 1871 मध्ये मांडलं, तेव्हा वॉलेससारख्या मोठ्या निसर्गअभ्यासकालाही ते पटलं नाही. मादीला आवडनिवड असते, हेच पचेना!

पुढचं मात्र सगळं तिचं एकटीचं. घरटं, अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं. नर तिकडे फिरकत नाही. हे मंडळात सांगितलं, तर एक काकू लगेच म्हणाल्या, “बघ, निसर्गानेच बाईला हे दिलंय.” मला नाही पटत. आपल्या अंगणातल्या चिमण्यांत नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात, तो दाखला सुनेला कोणी का देत नाही? सोयीचा तेवढाच निसर्ग उचलायचा, ही आपली जुनी खोड.

तिला ‘बिचारी’ म्हणणंही मला रुचत नाही. जंगलात फळं मुबलक असतात, म्हणून एकटीला निभावतं, असं अभ्यासक सांगतात. पण पक्ष्यांवरच्या फिल्ममध्ये नाच संपला, की कॅमेरा बंद. एकदा तो तासभर तिच्या घरट्यापाशी लावा की! दोन पिल्लांच्या चोची ती कशी भरते, ते मला बघायचंय.