२३ ऑगस्ट : एक तारीख, दोन नोंदी

२३ ऑगस्ट हा आता ‘राष्ट्रीय अंतराळ दिन’ आहे. २०२३ साली याच दिवशी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ मधील ‘विक्रम’ हा लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरला आणि चंद्रावर यान अलगद उतरविणारा भारत हा जगातील चौथा देश ठरला. या दिवसाचा उत्सव व्हावा, हे योग्यच आहे.

याच तारखेपुढे आणखी एक नोंद असते : १९१८ – हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांचा जन्म, पीरमेड, त्रावणकोर संस्थान. बहुतेक दिनविशेषांत ही नोंद एका ओळीत आटोपते. वाचणाऱ्यास वाटते, की या दोन घटना केवळ योगायोगाने शेजारी आल्या आहेत. तारीख जुळणे हा योगायोग खराच. परंतु त्यांच्यातील नाते मात्र योगायोगाचे नाही.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत मणी यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांचा अभ्यास केला. पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले. १९४५ मध्ये प्रबंधही सादर केला. परंतु पदव्युत्तर पदवी नाही, या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पुढे त्या लंडनला गेल्या, तेथे हवामानाच्या उपकरणांचे शास्त्र आत्मसात केले आणि १९४८ मध्ये पुण्यातील वेधशाळेच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणेही परदेशातून येत असत. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच तयार व्हावीत, यासाठी त्या झटल्या. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून अधिक घातक, ही त्यांची धारणा होती.

१९६३ मध्ये केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून भारताचे पहिले अग्निबाण उडणार होते. ते अनियंत्रित जातीचे असल्याने वाऱ्याची दिशा व वेग अचूक ठाऊक असल्याखेरीज त्यांचा नेम धरता येत नसे. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबा येथे हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला तो अ‍ॅना मणी यांनी. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले उड्डाण झाले. चंद्रावर उतरलेल्या लँडरला साराभाईंचे नाव आहे. मनोरा उभारणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र फारच थोड्यांच्या ओठी आहे.

हे नाते येथेच संपत नाही. ‘विक्रम’वर ‘चास्टे’ नावाचा एक तापमापक होता. त्याच्या निर्मितीत तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रातील, म्हणजेच थुंब्याच्या त्याच परंपरेतील, प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. त्याने चंद्राच्या मातीत शिरून दाखविले, की पृष्ठभाग उन्हाने तापलेला असतानाही अवघे ८ सेंटिमीटर खाली तापमान शून्याखाली सुमारे १० अंश असते. चंद्रावर पोहोचणे हा पराक्रम खरा. पण तेथे पोहोचून केले काय, तर मोजमाप!

मणी या अंतराळशास्त्रज्ञ नव्हत्या, असा आक्षेप कोणी घेईल. तो शब्दशः खरा आहे. परंतु वाऱ्याची नोंद ठेवणारा, उपकरण जुळविणारा, आकडा पुन्हा पुन्हा पडताळणारा मनुष्य वगळला, तर अंतराळशास्त्रात उरते ते केवळ धुराचे लोट आणि टाळ्या. जो समाज फक्त अवतरणाचा क्षण लक्षात ठेवतो, त्याच्या मुलांना विज्ञान म्हणजे चमत्कार वाटू लागतो. आणि चमत्काराची वाट पाहता येते, तो शिकता येत नाही.

म्हणून अंतराळ दिनी शाळांनी अवतरणाची चित्रफीत अवश्य दाखवावी. परंतु त्यासोबत अंगणात एक तापमापक टांगावा, साधे पर्जन्यमापक ठेवावे आणि मुलांकडून रोजची नोंद वहीत करून घ्यावी. त्यास खर्च नगण्य, चिकाटी मात्र पुष्कळ लागते. १६ ऑगस्ट २००१ रोजी अ‍ॅना मणी निवर्तल्या. नाकारलेली पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. त्यांच्या जन्मदिनी देशभर लाखो मुले आकाशाकडे पाहतात. त्यांतील काहींच्या हाती नोंदवही असली, तर या तारखेच्या दोन्ही नोंदींचा मान राखला जाईल.

#दिनविशेष #राष्ट्रीय_अंतराळ_दिन #अ‍ॅना_मणी