कार्ड घरात आहे, पण बाईचे नाव कुठे आहे?

निवृत्तीचे वय कोणाला असते? नोकरदाराला. आमच्या किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या भोवतालच्या गावांत निंदणी-खुरपणी करणारी, कापूस वेचणारी बाई साठीतही रोजाने जाते. तिला पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही. गुडघे, मोतीबिंदू, वर्षानुवर्षे लपवलेले अंग बाहेर येणे, सारे मात्र याच वयात एकदम समोर उभे राहते. म्हणून सरकारी आरोग्य विमा हा आपल्या बैठकींतला विषय व्हायला हवा.

योजना नव्या नाहीत. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. २०१७ पासून ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली. आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळू शकतात. २०२४ च्या हंगामी अर्थसंकल्पात अंगणवाडी ताई आणि आशांनाही आयुष्मानमध्ये घेण्याची घोषणा झाली. कागदावर हे सारे चांगलेच आहे.

पण विमा मिळतो तो ‘कुटुंबाला’, आणि कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरची नावे. तिथेच आपली बाई अडते. माहेरी राहणाऱ्या परित्यक्तेचे नाव नवऱ्याच्या कार्डावर असते, किंवा तिथून कधीच कमी झालेले असते. भावाच्या कार्डावर ते चढत नाही. उद्या ही जमिनीत वाटा मागेल, अशी घरात धास्ती असते. विधवा सासूचे नाव मुलांच्या वाटण्यांत कोणाच्याच कार्डावर येत नाही. दोन मुलांच्या दारी आळीपाळीने जेवणारी ही बाई शासनाच्या लेखी कोणत्याच घरात राहत नाही. तिने आयुष्यभर राबून उभे केलेले घर तिला विम्यापुरतेही आपले म्हणत नाही.

हे कायद्याविरुद्ध आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे कलम १३ सांगते की, रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख. म्हणजे साठीची सासू प्रमुख असायला हवी, आणि आपण तिचे नाव यादीत शोधत बसतो!

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण झालेल्या कोणालाही आधारवरच्या वयानुसार, उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. इथे पात्रता तिच्या स्वतःच्या वयाने ठरते, हे मोलाचे आहे. पण शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे वय आधारवर अंदाजाने लिहिलेले असते. कुणाचे पाच वर्षांनी कमी, कुणाचे जास्त. त्या आकड्यावर तिचा हक्क ठरतो. शिवाय कष्टकरी बाईने सत्तरीपर्यंत थांबायचे कशाच्या बळावर?

कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे, हेही बोलले पाहिजे. ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. इस्लापूरच्या बाईला मोठ्या उपचारासाठी नांदेड गाठायचे, तर तिचा आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ अर्भके होती. विमा वाढवायचा आणि सरकारी दवाखाने ओस ठेवायचे, हे आपल्याला मान्य नाही.

तरीही हक्क सोडायचा नाही. प्रत्येक गटाने पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची यादी करावी. कार्डावर नाव आहे का, आधारवरचे नाव आणि वय जुळते का, हे तपासावे. एकट्या बाईचे जुन्या कार्डावरचे नाव कमी करून स्वतंत्र कार्डासाठी तहसीलच्या पुरवठा विभागात एकेकटीने नव्हे, गटाने जावे. आयुष्मानचे ई-केवायसी धडधाकट असतानाच करून घ्यावे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला गाठायचे हे घराघरांत ठाऊक हवे. खाटेवर पडल्यावर कागद गोळा होत नाहीत.

आणि शासनाकडे मागणी एकच: विम्यासाठी बाईला कुणाची तरी बायको, आई, बहीण म्हणून मोजू नका. तिला एक माणूस म्हणून मोजा.