घरचा हिशेब : निळ्या पाखराचा भाव

ईदीचे पैसे मुलांच्या हातात फार दिवस टिकत नाहीत. यंदा आमच्या घरी ते टिकले, कारण आठवीतल्या चिरंजीवांना पाखरू घ्यायचे होते. तेही साधेसुधे नव्हे, निळे. मावसभावाच्या मोबाईलवर त्याने कुठला तरी निळा पोपट बघितला होता आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. दोन ईदची ईदी, नानीने वेळोवेळी मुठीत कोंबलेल्या नोटा आणि गल्ल्यातली चिल्लर मिळून ३,४०० रुपये झाले. मकतबमध्ये अबू उमैरच्या पाखराची हदीस शिकून आल्यामुळे त्याच्या बाजूने दाखलाही तयार होता. नानीने लगेच मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस ऐकवली, पण परवानगी दिली. एका रविवारी आम्ही राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतून निघालो आणि दुपारपर्यंत तीन दुकाने पालथी घातली.

पहिला गोंधळ नावाचाच झाला. दुकानाबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या किलबिलणाऱ्या लहान पाखरांना आपल्याकडे सगळे लव्हबर्ड म्हणतात. ती लव्हबर्ड नव्हेत. ती बजरीगार, मूळची ऑस्ट्रेलियातली, दुकानदारांच्या भाषेत बजी. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. त्याची शेपूट आखूड आणि चोच जाड असते, बाजारात त्याला 'आफ्रिकन' म्हणतात आणि त्याचा भाव बजीच्या तिप्पट-चौपट असतो. फोनवर "लव्हबर्ड केवढ्याला?" असे विचारून गेलात तर दुकानात गेल्यावर दोघांचाही वेळ जातो.

आम्हाला सांगितलेले भाव असे. हिरवी, पिवळी, निळी किंवा पांढरी साधी बजी ५०० ते ७०० रुपये जोडी. एकाच अंगावर चार रंग दिसतात ती 'रेनबो' १,२०० पासून १,८०० पर्यंत. मोठ्या डोक्याची, डोळ्यांवर पिसे आलेली 'इंग्लिश' बजी ३,००० च्या पुढे. आफ्रिकन २,००० पासून. डोक्यावर तुरा असलेले कॉकटेल करड्या रंगात ३,००० जोडी, पांढरे-पिवळे हवे असेल तर ५,०००. घासाघीस केली तर दहा टक्के सुटतात. जोडीऐवजी एकच पाखरू मागितले की दुकानदाराचा चेहरा पडतो, कारण उरलेले एक त्याला विकावे लागते.

पण चिरंजीवांना यातले काहीच नको होते. त्याला पोपट हवा होता, लांब शेपटीचा, गळ्यात कंठी असलेला आणि निळा. तिसऱ्या दुकानातल्या भाऊंनी आवाज खाली आणला. "मागवून देतो की भाभी. चौदा हजाराला एक. निम्मं आधी द्यायला लागतंय."

आम्ही म्हणालो, "पोपट पाळायला बंदी आहे ना?"

"हिरव्याला हाय. ह्यो फॉरेनचा. ह्याला कोण इचारत न्हाई."

हे वाक्य अनेक घरांत खरे मानले जाते, म्हणून थोडे थांबून सांगतो. हा निळा पोपट परदेशातला वेगळा पक्षी नव्हे. आपल्या आंब्या-पिंपळावर संध्याकाळी थव्याने ओरडत येणारा कंठीवाला पोपट तोच हा, फक्त रंग बदललेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या पोपटांना संरक्षण आहे आणि १९९०-९१ पासून देशातल्या रानपक्ष्यांचा व्यापार बंद आहे. कायद्याच्या यादीत पक्ष्याच्या जातीचे नाव असते, पिसांच्या रंगाचे नाही. पिंजऱ्यात जन्मल्याचा काही कागद आहे का, असे विचारले तेव्हा भाऊ हसले आणि गिऱ्हाईक बघायला गेले. चौदा हजार देऊन वर धास्ती विकत घ्यायची, हे आम्हाला पटले नाही.

आता रंगाची गंमत. पोपटाच्या आणि बजीच्या हिरव्या पिसात हिरवा रंगच नसतो. पिसात पिवळे रंगद्रव्य असते, पिसाच्या बारीक रचनेमुळे उजेड निळा दिसतो आणि दोन्ही मिळून आपल्याला हिरवे दिसते. पिवळे गेले की पाखरू निळे होते. काळे द्रव्य गेले की ते पिवळे होते आणि डोळे लाल दिसतात. दोन्ही गेली की पांढरे. म्हणजे आपण जास्तीचे पैसे मोजतो ते पाखरातून काहीतरी वजा झाल्याबद्दल. हे ऐकून नानी म्हणाली, मग दुकानदाराने सूट द्यायला हवी.

निळेपण दडूनही राहते. आई हिरवी, बाप हिरवा आणि घरट्यात एक पिल्लू निळे, असे होते, कारण दोघांच्याही रक्तात निळा गुण लपलेला असतो. अशा जोडीच्या चार पिल्लांत सरासरी एक निळे निघते. बाजारात अशा हिरव्या पाखराला 'स्प्लिट' म्हणतात आणि साध्या हिरव्यापेक्षा त्याचे जास्त पैसे लावतात. डोळ्यांना मात्र काहीही दिसत नाही. पिल्ले होईपर्यंत विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. ओळखीचा, सचोटीचा पाळणारा असेल तर ठीक, नाहीतर 'स्प्लिट'चे पैसे देऊ नयेत असे आमचे मत आहे. 'रेनबो'चेही तसेच. खरा रेनबो तीन-चार गुण एकत्र आणून पिढ्यान्‌पिढ्या जुळवावा लागतो. आम्हाला दोन दुकानांत रेनबो म्हणून दाखवलेली पाखरे निळी होती आणि तोंड तेवढे पिवळे.

आणि भाव टिकत नाही. बजीची मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते, अठराएक दिवसांत पिल्ले फुटू लागतात आणि महिनाभरात ती मडक्याबाहेर येतात. आज दुर्मीळ असलेला रंग काही वर्षांत गल्लीगल्लीत होतो. निळी बजी पहिल्यांदा बेल्जियममध्ये १८८० च्या सुमारास निघाली. १९२० च्या दशकात जपानमध्ये तिची अशी लाट आली की एका जोडीचा भाव शंभर पौंडांच्या वर गेला. लाट ओसरली आणि भाव कोसळला. तीच निळी बजी आज आमच्या चौकात हिरवीच्याच भावात मिळते. "जोडी घ्या, पिल्लं विकून पैसे वसूल" असे कुणी सांगत असेल तर हे आठवावे. शेजारच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने असेच महागाचे रंग आणून गच्चीत बारा मडकी टांगली होती. दोन वर्षांनी पिल्ले फुकट वाटायची वेळ आली.

रंग बघताना तब्येत बघायची राहते. भर दुपारी पिसे फुगवून गप्प बसलेले, श्वासाबरोबर शेपूट वरखाली करणारे किंवा शेपटीखाली पिसे घाणीने चिकटलेले पाखरू कितीही सुंदर रंगाचे असले तरी घेऊ नये. वय ओळखायला कपाळ बघा. पिल्लाच्या कपाळावरच्या बारीक रेघा थेट चोचीपर्यंत येतात, वाढलेल्याचे कपाळ स्वच्छ असते. मोठ्या नराची चोचीवरची पट्टी निळी, मादीची तपकिरी. लाल डोळ्यांच्या पिवळ्या आणि पांढऱ्या पाखरांत मात्र नराची पट्टी गुलाबी-जांभळीच राहते आणि रेघाही नीट दिसत नाहीत, त्यामुळे तिथे फसगत होते. बिल मागा. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांनी नोंदणी करायची, असे २०१८ चे नियम आहेत. सन कॉन्युअरसारखे महागडे परदेशी पोपट घेणार असाल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. तसा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. बजी आणि कॉकटेलना ही नोंद लागत नाही.

शेवटी चिरंजीवांनी बजीचीच जोडी घेतली, ६०० रुपयांना. नर निळा आणि मादी हिरवी, कारण हिरवी जास्त चपळ होती. पिंजरा १,६०० चा पडला. दुकानदार ४०० चा गोल पिंजरा गळ्यात मारत होता, पण त्यात पंख पसरून इकडून तिकडे जाता येत नाही. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा. राळ्याचे म्हणाल तर दोघांना महिन्याला साधारण अर्धा किलो पुरते. चोच घासायला समुद्रफेस ३० रुपयांचा. रोज थोडी मेथी किंवा कोथिंबीर स्वच्छ धुऊन. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू पाखराला काही मिनिटांत मारू शकतो. पाखरांवर उपचार करणारा डॉक्टर गावात कुठे आहे हे आधी विचारून ठेवा. आम्ही उरलेले पैसे त्यासाठीच बाजूला ठेवायला लावले. नीट सांभाळली तर बजी पाच ते दहा वर्षे जगते. हा मुलगा तोवर कॉलेजात असेल आणि राळे कोण घालणार हे आम्हाला आत्ताच दिसते आहे.

हिशेब इथे संपायला हवा होता. पण परत येताना रिक्षात मांडीवर पिंजरा धरून बसलेल्या चिरंजीवांनी विचारले, "मग आपला मिठ्ठू?"

नानीचा मिठ्ठू. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी ढोलीतून काढलेले पिल्लू दारावर विकायला आणले होते आणि नानीने दया येऊन दोनशे रुपयांना घेतले. तेव्हा भाव कुणाला महाग वाटला नव्हता. तो बाल्कनीत असतो, पहाटे फजरच्या वेळी सगळ्यांच्या आधी उठतो आणि "नानी, चाय" म्हणतो. दुकानात भाऊंशी कायदा बोलून आलेल्या आम्हाला रिक्षात काही बोलता आले नाही.

सोडून द्यावे तर तेही चालत नाही. अकरा वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पाखराला ना नीट उडता येते ना दाणा शोधता येतो. कावळे आणि मांजरे त्याला दिवसभरही जगू देणार नाहीत. त्यासाठी वनखात्याचा १९२६ हा फुकट नंबर आहे. नंबर आम्ही फ्रिजवर चिकटवला आहे. नानीने तो वाचला, काही बोलली नाही. मिठ्ठूच्या वाटीत पेरूची फोड ठेवली. मग दोन दिवसांनी जेवताना म्हणाली, "फोन लावशील तेव्हा मला दे. त्याला सकाळी काय लागतं ते मीच सांगते."