मार्चमध्ये डेमो नको, आधी सर्व्हरची खोली बघा!

मार्च उजाडला की बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या बँका-पतसंस्थांतला संगणक विभागाचा माणूस घरी उशिरा जातो. व्याजाची आकारणी, ताळेबंद, ऑडिटचे अहवाल, सगळे त्याच्याच सर्व्हरमधून निघायचे असते. नेमके तेव्हाच सॉफ्टवेअर आणि सर्व्हर विकणाऱ्यांचे फोन वाढतात. त्यांचेही टार्गेट ३१ मार्चलाच संपते ना! ‘आज ऑर्डर दिली तर सूट’ हे वाक्य त्याला पाठ झालेले असते.

साखर कारखान्यात हंगामाचे दिवस आणखी कठीण. काट्यावरचा संगणक अर्धा तास बंद पडला तरी उसाच्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते. बोलणी विक्रेत्याला नाही, सिस्टीम अ‍ॅडमिनला खावी लागतात. तिथे नवी यंत्रणा बसवायची तर पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात. हे न सांगता ज्याला कळते, त्या विक्रेत्याला पुढच्या वेळी चहा मिळतो.

सर्वांत वाईट सवय म्हणजे अ‍ॅडमिनने ‘थांबा’ म्हटले की थेट चेअरमनच्या केबिनमध्ये शिरणे. रंगीत सादरीकरण होते, सही होते. जुना डेटा नव्या यंत्रणेत कसा आणायचा, हे मात्र ज्याला कुणी विचारले नाही त्याने निस्तरायचे.

मग मदत कशाला म्हणायचे?

पहिल्या भेटीत माहितीपत्रक बॅगेतच ठेवावे आणि सर्व्हरची खोली बघावी. वीज गेली की यूपीएस किती वेळ टिकतो? बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला? विंडोज १० चेच घ्या. मायक्रोसॉफ्टने त्याचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले आणि अनेक जुन्या मशीन विंडोज ११ ला चालत नाहीत. ‘सगळ्या बदला’ म्हणणे सोपे आहे. कोणती मशीन लगेच बदलायची, कोणती पैसे भरून मिळणाऱ्या वाढीव अपडेटवर वर्षभर निघेल, हे एकेक तपासून सांगणारा खरा कामाचा. त्यात त्याची विक्री कमी होईल, हे मान्य.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आठवा. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी चोरांनी बनावट स्विच उभा केला. खात्यात पैसे आहेत का, हे बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारलेच गेले नाही. सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे परदेशांतल्या एटीएममधून. सुरुवात झाली तो दिवस शनिवार होता.

म्हणून विक्रेत्याला किमतीआधी हे विचारावे, की शनिवारी रात्री इशारा कुणाच्या मोबाइलवर येणार आणि फोन कोण उचलणार? सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस जपावे लागतात. इंजिनिअर छत्रपती संभाजीनगरहून निघाला तर यातले दोन-तीन तास रस्त्यातच जातात. लॉग साठवायची सोय किमतीत धरली आहे की वेगळे बिल येणार, हे कोटेशनवरच लिहावे. तिसऱ्या वर्षीचा एएमसीचा दर आणि करार मोडल्यास डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हेही त्याच कागदावर यावे. आणि तो कागद चेअरमनच्या टेबलावर जाण्याआधी अ‍ॅडमिनच्या हातात पडावा.