सांगण्यासारखं काही नाही, म्हणे!

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहराचा आंद्रे बेंजामिन, म्हणजे गाण्याच्या जगातला आंद्रे ३०००, हा रॅपर माझ्या आवडीचा आहे. मी सत्तरी ओलांडलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. त्याची बोली मला पहिल्या फटक्यात कळत नाही. छापील शब्द समोर घेऊन बसावं लागतं, आणि शब्दकोश तिथे फारसा कामाला येत नाही. तरीही आवडीचा. म्हणूनच तर त्याच्याशी भांडायचं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा नवा अल्बम आला. सगळा वाद्यसंगीताचा, बासऱ्यांचा. रॅपची एक ओळ नाही. त्या सुमारास जीक्यू मासिकाला दिलेल्या मुलाखतीत तो जे बोलला त्याचा आशय असा: मी ४८ वर्षांचा, आता रॅप करणं मला कधीकधी खोटं वाटतं, कारण त्या तऱ्हेचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कशावर करू रॅप? कोलोनोस्कोपी करून घ्यायचीय यावर? नजर अधू होतेय यावर?

लोक हसले. काहींनी किती प्रामाणिक, किती प्रगल्भ म्हणून माना डोलावल्या. मला मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

हाच मुलगा ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यासपीठावर उभा होता. सोर्स मासिकाचा पुरस्कार सोहळा. रॅप म्हणजे एक तर न्यूयॉर्क, नाही तर कॅलिफोर्निया, असा तेव्हाचा हिशेब होता आणि दोन्हीकडचे एकमेकांच्या जिवावर उठलेले. त्यात नव्या जोडीचा पुरस्कार मिळाला अटलांटाच्या आउटकास्टला, म्हणजे आंद्रे आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र बिग बॉय यांना. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. गावंढळ कुठले! वीस वर्षांच्या आंद्रेने तिथेच सांगून टाकलं की दक्षिणेला काही सांगायचं आहे. एवढंच बोलला. पुढची तीस वर्षं दक्षिणेने सांगितलं आणि जगाने ऐकलं.

विसाव्या वर्षी ज्याच्याकडे अख्ख्या प्रदेशाचं सांगणं होतं, त्याच्याकडे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काही नाही? हे कसं मान्य करायचं?

तुम्ही म्हणाल, रॅप तरुणांचीच कला, तिला तरुणांचेच विषय. पण याच्या गाण्यांत तसं दिसत नाही. २००० सालचं 'मिस जॅक्सन' घ्या. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणं कुणाला उद्देशून? प्रेयसीला नाही, तर आपल्या मुलाच्या आजीला, आईच्या आईला! गायिका एरिका बाडू आणि तो वेगळे झाले होते, मुलगा लहान होता, आणि हा पंचविशीतला पोरगा त्या मुलाच्या आजीची माफी मागतो. अशा वेळी आजीला काय वाटत असेल याचा विचार आमच्या पिढीतल्या किती जावयांनी केला असेल? असो. मुद्दा असा, की त्याच्या सर्वात गाजलेल्या गाण्यांपैकी एक म्हातारीशी बोलतं, आणि ते जगभरच्या पोरांनी पाठ केलं.

आता कोलोनोस्कोपीकडे येते, कारण खरं भांडण तिथेच आहे. मी दोनदा करून घेतली आहे. आदल्या रात्री ते औषधाचं पाणी पीत बसायचं, घरभर दिवा फक्त आपल्या खोलीत आणि संडासात, आणि पहाटेपर्यंत माणूस आपल्या आयुष्याचा जेवढा हिशेब करतो तेवढा एरवी कधी करत नाही. यात सांगण्यासारखं काही नाही?

आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या बाबतीत तर ही तपासणी म्हणजे साधी गोष्ट नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर तिथे काळ्या लोकांना अधिक होतो आणि त्यात ते अधिक मरतात. 'ब्लॅक पँथर'चा नायक चॅडविक बोसमन दक्षिणेचाच, साउथ कॅरोलिनाचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये याच रोगाने गेला, ४३ व्या वर्षी. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने तपासणी सुरू करण्याचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं. म्हणजे ४८ वर्षांचा आंद्रे डॉक्टरकडे जातो तेव्हा तो अशा दारातून आत जातो, जिथवर त्याच्या भोवतीचे कितीतरी जण पोचलेच नाहीत. टेक्सासचा पिंप सी २००७ मध्ये गेला, ३३ व्या वर्षी. मेम्फिसचा यंग डॉल्फ २०२१ मध्ये गोळ्यांनी मेला, ३६ व्या. जॉर्जियातल्या मिगोसचा टेकऑफ २०२२ मध्ये, तोही गोळीनेच, अवघ्या २८ व्या. या सगळ्यांनी मरणावर गाणी रचली. नजर अधू होईपर्यंत जगण्यावर रचायला त्यांतला एकही उरला नाही. ज्याला तेवढं जगायला मिळालं, तो म्हणतो विषय नाही!

त्याच्या दक्षिणेचीच रीत वेगळी आहे. मिसिसिपी जॉन हर्ट हा शेतमजूर. १९२८ मध्ये त्याच्या काही तबकड्या निघाल्या, खपल्या नाहीत, तो परत शेतावर गेला. १९६३ मध्ये कुणीतरी शोधत त्याच्या गावी पोचलं, आणि सत्तरीच्या घरातला हा माणूस न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला. आता वय झालं, राहू दे, असं म्हणाला नाही. रॅपमध्येच बघायचं तर ह्यूस्टनचा स्कारफेस. कोविडनंतर मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिसवर गेला, २०२१ मध्ये पोटच्या मुलाने किडनी दिली. आणि आंद्रेच्या त्या मुलाखतीनंतर महिनाभरात तो एनपीआरच्या 'टायनी डेस्क'वर गात होता. वय ५३. किलर माइक तर आंद्रेच्याच गावचा, त्याच्याच वयाचा, आउटकास्टनेच पुढे आणलेला. २०२३ मध्ये त्याने 'मायकल' हा अल्बम काढला. त्यात गेलेल्या आईवर आणि आजीवर एक आख्खं गाणं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन ग्रॅमी मिळाले. गंमत पुढेच आहे: त्यांतले दोन ज्या गाण्याला मिळाले, त्यात आंद्रेचाही रॅप आहे!

मग खोटं काय वाटतं? मला वाटतं, विषय नाही असं नव्हे, त्या विषयाची लाज वाटते. म्हाताऱ्यांच्या गप्पा म्हणजे गुडघे, डोळे, बीपी, असं हिणवायची सवय इथूनतिथून सारखीच. वयस्क माणसाने शहाणपण तरी सांगावं नाही तर गप्प बसावं. शरीराविषयी बोलू नये. पंचविशीतलं शरीर चालतं, त्यावर तर सगळी गाणीच आहेत.

बासरीबद्दल माझी तक्रार नाही. ती वाजवणं म्हणजे वेड लागणं, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. २००३ च्या जोडअल्बममध्येच त्याने आपल्या अर्ध्या भागात रॅप जवळजवळ सोडून गाणं धरलं होतं आणि त्याला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. आई २०१३ मध्ये गेली, वडील २०१४ मध्ये. २०१८ च्या मातृदिनाला त्याने आईवडिलांना निरोप देणारं गाणं काढलं आणि सोबत शब्दांवाचून सतरा मिनिटांची वाद्यरचना. ज्याला जे वाजवायचं ते त्याने वाजवावं. पण शब्द नको झाले म्हणून बासरी घेणं वेगळं आणि या वयाच्या शब्दांना किंमत नाही असं सांगून घेणं वेगळं.

त्या बासरीच्या अल्बममधल्या पहिल्या रचनेचं नाव भलं लांब, एक पूर्ण वाक्य आहे: शपथेवर सांगतो, मला खरंच रॅपचाच अल्बम करायचा होता, पण या खेपेला वाऱ्याने मला इकडे आणलं, अशा अर्थाचं. बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ती नव्वदाव्या क्रमांकावर आली. एवढी लांब रचना त्या यादीत त्याआधी कधी आली नव्हती. ते वाक्य संपलं की पुढे १२ मिनिटं २० सेकंद, एकही शब्द नाही.