विद्यापीठाच्या सूचना व विद्यापीठाचे नोकर

शाहूवाडी तालुक्याचा पश्चिमेकडील भाग ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस तेथील वस्तीची ठेवण निराळी सांगावयास नको. मलकापूर सोडून विशाळगडाच्या किंवा आंबा घाटाच्या वाटेस लागलें म्हणजे गांव असें एके जागीं सांपडत नाहीं. एक वाडी ओढ्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, तिसरी डोंगराच्या कुशींत. सातबाऱ्यावर मात्र तिन्हींच्या गांवाचें नांव एकच. अशा मुलुखांत सरकारी हुकूम लोकांस कळवावयाचा, तर तो चावडीच्या भिंतीस चिकटवून भागत नसे. दवंडी पिटणारा वाडीवाडीच्या तोंडाशीं उभा राहून तोच मजकूर पुनःपुन्हां ओरडून सांगे, आणि कोणी शेतांत असल्यास बांधावरून हांक मारी. ह्या पद्धतींत दोष पुष्कळ होते. हुकूम वरून खालीं येई, खालचें वर कांहींच जात नसे, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि सूचना काढणें आणि सूचना पोंचविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें त्या अडाणी समजल्या गेलेल्या पद्धतीस चांगलें कळत होतें. आमच्या विद्वान् संस्थांस तें अद्यापि कळावयाचें आहे असें दिसतें, म्हणून आज हा विषय हातीं घेतला आहे.

कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् ह्यांच्या हस्तें झालें. डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरु. आज हें विद्यापीठ ८५३ एकरांच्या आवारांत वसलें असून कोल्हापूर, सांगली व सातारा ह्या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या छत्राखालीं आहेत. एवढ्या मोठ्या आवारांत कार्यक्रमावांचून आठवडा जात नाहीं. वर्धापनदिन, दीक्षान्त समारंभ व त्यानिमित्त निघणारी ग्रंथदिंडी, २६ जूनची शाहू जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे ठरलेले प्रसंग झाले. त्यांशिवाय व्याख्यानें, संगणकाचे वर्ग, आरोग्य तपासणी, समित्यांच्या निवडी, निवृत्तिवेतनाचा किंवा विम्याचा विकल्प भरण्याच्या मुदती, असा सूचनांचा ओघ कोणत्याही शहरी विद्यापीठांत बारमाही चालू असतो. आमचें म्हणणें एकट्या कोल्हापुरास उद्देशून नाहीं व कोणा एका कुलसचिवाकडे बोट दाखविण्याचा आमचा हेतुही नाहीं. शहरांतील विद्यापीठांच्या कारभाराची जी सर्वसाधारण चाल पडून गेली आहे, तिच्याविषयीं आम्ही बोलत आहों.

ती चाल अशी. परिपत्रक निघतें, तें संकेतस्थळावर चढतें, ई-मेलनें विभागप्रमुखांकडे जातें, आणि तेथून भ्रमणध्वनीवरील मंडळांत फिरतें. प्राध्यापकास तें मिळतें, लेखनिकास मिळतें. माळी, शिपाई, वसतिगृहांतील स्वयंपाकी, रात्रीचा पहारेकरी आणि कंत्राटदारामार्फत झाडलोटीस येणारी बाई ह्यांस तें मिळेलच असा नेम नाहीं. मिळालें तर कोणाच्या तरी तोंडून, अर्धेंमुर्धें व उशिरां. समारंभाच्या खुर्च्या ज्यांनीं मांडल्या त्यांस समारंभ कशाचा हें फलक बांधतांना कळावें, ह्यांत नवल वाटेनासें झालें आहे. आम्हांस तें वाटतें, आणि वाचकांसही वाटावें अशी आमची इच्छा आहे.

कोणी म्हणेल कीं, व्याख्यान चुकलें तर माळ्याचें काय बुडालें? प्रथम हें म्हणणेंच आम्हांस मान्य नाहीं. ज्या विद्येच्या घरीं माणूस आयुष्याचीं तीस वर्षें घालवितो, तेथील एक व्याख्यान ऐकण्याचाही त्याला अधिकार नसावा काय? पण हा मुद्दा क्षणभर बाजूस ठेवूं. ज्यांत नोकराचें खरोखर कांहीं बुडतें अशाही सूचना असतात, आणि त्याही ह्याच वाटेनें जातात व ह्याच वाटेंत अडकतात.

एक उदाहरण घेऊं. समजा, शाहूवाडीकडील एक बाई कोल्हापुरांत भाड्याच्या खोलींत राहून एखाद्या शहरी आवारांत कंत्राटदारामार्फत झाडण्याचें काम करीत आहे. तिच्याशीं एखादा मुकादम वा अधिकारी अभद्र वागला. अशा स्त्रियांसाठीं कायदा नाहीं असें नाहीं. १९९७ सालच्या विशाखा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं. त्यांवरून २०१३ सालीं स्वतंत्र कायदा झाला. २०१५ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें विद्यापीठांसाठीं वेगळे विनियम काढले व अंतर्गत समितींत दोन शिक्षकेतर कर्मचारी असावेत असेंही त्यांत सांगितलें. २०१३ च्या कायद्याप्रमाणें कंत्राटदारामार्फत येणारी, रोजंदारीवरची, इतकेंच काय पण बिनपगारी काम करणारी स्त्रीही कर्मचारीच होय. तिला लिहितां येत नसेल तर तक्रार लेखी करण्यास तिला साहाय्य देणें समितीवर बंधनकारक आहे. समितीची घोषणा दर्शनी जागीं लावणें व कर्मचाऱ्यांसाठीं नियमित जागृतीचे कार्यक्रम घेणें हें मालकाचें कर्तव्य असून त्यांत कसूर करणारास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे कायदा करणारांनीं आपलें काम चोख केलें. आतां त्याच कायद्यांतील मुदत पाहा. घटनेपासून तीन महिन्यांच्या आंत तक्रार झाली पाहिजे. सबळ कारण असल्यास समिति आणखी तीन महिने वाढवून देऊं शकते, पुढें नाहीं.

ही मुदत त्या बाईस कोण सांगणार? समितीच्या अध्यक्षांचें नांव प्रशासकीय इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चौकटींत टांगलें आहे आणि बाईचें काम आहे वसतिगृहाच्या मागच्या अंगणांत. जागृतीचा कार्यक्रम सभागृहांत दुपारीं तीन वाजतां झाला, त्याचें छायाचित्र निघालें, अहवालांत उपस्थितीचा आंकडा पडला; आणि त्याच वेळीं ती बाई सभागृहाच्या बाहेरील वऱ्हांडा पुशीत होती. उद्यां तिनें तक्रार आणली, तर मुदत टळली म्हणून ती परत जाईल. कायदा पाळला गेला, फलक लागला, कार्यक्रम झाला, आणि ज्या एका बाईसाठीं तें सारें होतें तिच्यापर्यंत त्यांतील एक अक्षरही गेलें नाहीं. अशा अनुपालनास आम्ही काय म्हणावें, तें वाचकांनींच ठरवावें.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा बहुतेकांस अर्ज करून माहिती मागण्याचा कायदा म्हणून ठाऊक आहे. त्यांतील चौथें कलम मात्र, कोणी मागावयाच्या आधींच माहिती देण्याविषयींचें आहे. तें कलम म्हणतें कीं, माहिती पसरवितांना स्थानिक भाषा आणि त्या भागांतील सर्वांत परिणामकारक साधन ह्यांचा विचार झाला पाहिजे. आणि पसरविणें म्हणजे काय हें समजावितांना त्यानें सूचनाफलक, वृत्तपत्रें व जाहीर घोषणा हीं इंटरनेटच्याच पंक्तीस बसविलीं आहेत. सार्वजनिक विद्यापीठ ह्या कायद्याच्या कक्षेंत येतें. जेथें परिणामकारक साधन तोंडी सांगणें हें असेल, तेथें तोंडी सांगितलें पाहिजे. संकेतस्थळावर घातलें, आतां आमची जबाबदारी संपली, असें म्हणावयास ह्या कलमानें जागाच ठेविलेली नाहीं.

ह्या बाबतींत करवीरकरांस परक्या देशाचें उदाहरण शोधीत हिंडण्याचें कारण नाहीं. २६ जुलै १९०२ रोजीं, राजर्षि शाहू महाराज विलायतेंत असतां, संस्थानच्या गॅझेटांत मागास वर्गांसाठीं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. हें सर्वांस ठाऊक आहे. दर जयंतीस तें सांगितलें जातें. त्याच हुकुमाच्या शेवटीं जी एक ओळ आहे तिची आठवण मात्र फारशी कोणी करीत नाहीं. हुकुमानंतर झालेल्या नेमणुकांचें तिमाही विवरण प्रत्येक खातेप्रमुखानें पाठवावें, अशी ती ओळ आहे. खातेप्रमुख हुकूम वाचतील, मान हालवितील आणि दप्तरांत बांधून ठेवतील, हें त्या हुकुमाच्या कर्त्यास पुरतें माहीत होतें! म्हणून हुकुमाबरोबरच हिशेब मागितला. तिमाही विवरण नसतें तर तो हुकूम कित्येक कचेऱ्यांत केवळ कागद होऊन पडला असता, असें आमचें मत आहे. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें, तेव्हां मूल शाळेस न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. दंड करावयाचा म्हणजे आधीं घरोघर कळविणें आलेंच.

भाषेविषयीं थोडेंसें. राज्याची राजभाषा मराठी ठरविणाऱ्या १९६४ च्या अधिनियमास साठ वर्षें उलटून गेलीं. तरीही नोकरांसाठींच्या सूचनेंत आयोगाकडून आलेला इंग्रजी मजकूर जसाच्या तसा पुढें ढकलला जातो, किंवा असें मराठी लिहिलें जातें कीं त्यापेक्षां इंग्रजी बरें. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सर्व संबंधितांस अवगत करण्यात येते की’ येथपर्यंत वाचतां वाचतां स्वयंपाक्याची कणीक वाळून जावयाची. परक्या सरकारासही ह्याहून अधिक समज होती. १९३६ सालच्या वेतन कायद्यांत, कारखान्यांत त्या कायद्याचा गोषवारा इंग्रजींत व बहुसंख्य कामगारांच्या भाषेंत लावावा, असें स्पष्ट सांगितलें होतें. तो कायदा आतां इतिहासजमा झाला आहे. त्यामागील समज तरी इतिहासजमा होऊं नये.

ह्यावर आक्षेप येतो कीं, बोलाविलें तरी ही मंडळी येत नाहींत. खरें आहे, पुष्कळदां येत नाहींत. पण कां येत नाहींत हें कोणी विचारलें आहे काय? कार्यक्रमास गेलें तर तेवढा वेळ कामांतून वजा होतो, कंत्राटदार अर्धा रोज कापतो, आणि सभागृहांत गेल्यावर कोणत्या रांगेंत बसावें हें कोणी सांगत नाहीं. अर्धा रोज घालवून आरोग्याविषयींचें व्याख्यान ऐकावें असा आग्रह धरणाऱ्यानें प्रथम आपला अर्धा पगार सोडून पाहावा.

आतां आवाराबाहेरच्यांविषयीं. शाहूवाडी तालुक्यांतील महाविद्यालयाच्या लेखनिकास किंवा प्रयोगशाळेंतील सेवकास विद्यापीठाच्या प्रशिक्षणास यावयाचें तर चाळीस-पन्नास किलोमीटरांचा प्रवास आहे, आणि पावसाळ्यांत त्या रस्त्यावर एस. टी. वेळेवर येईल असा भरंवसा देणारा मनुष्य आम्हांस अजून भेटावयाचा आहे. सायंकाळीं सूचना काढून ‘उद्यां सकाळीं दहा वाजतां उपस्थित राहावें’ असें लिहिणारास कोल्हापुराच्या पलीकडे विद्यापीठ आहे ह्याची जाणीव नसते. आठ दिवस आधीं कळविण्यास पैसा पडत नाहीं.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांस हा विषय लवकर पटेल असें आम्हांस वाटतें. गुळाच्या सौद्याची वेळ बदलली तर अडत्या ती मोठ्या अक्षरांत लिहून स्वस्थ बसत नाहीं. हमालास, तोलाऱ्यास व गाडीवानास आधीं हांक मारून सांगतो. त्यांस कळलें नाहीं तर माल गाडींतच राहतो व नुकसान त्याच दिवशीं वहींत दिसतें. विद्यापीठाचें नुकसान कोणत्याच वहींत दिसत नाहीं. वर दिलेल्या उदाहरणांतील बाईचें नुकसान तिच्या एकटीच्या पदरीं पडतें, म्हणून विद्यापीठास घाई नाहीं.

करावयाचें तें फार नाहीं. दर सोमवारीं सकाळीं हजेरीच्या वेळीं, आठवड्याच्या सर्व सूचनांचें सोप्या मराठींतील एक पान प्रत्येक ठिकाणीं मोठ्यानें वाचावें. तें मुख्य इमारतींत तर वाचावेंच, पण बागेच्या कोठींत, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत व पहारेकऱ्यांच्या चौकींतही वाचावें. कंत्राटी नोकर हजेरीस वेगळे उभे केले जातात, तेथें तें निराळें वाचावें, आणि वाचल्याची सही कंत्राटदाराच्या मुकादमानें न करतां विद्यापीठाच्या अधिकाऱ्यानें करावी. कायद्यानें सांगितलेले कार्यक्रम कामाच्याच वेळेंत व्हावेत व तो वेळ पगारी धरावा. कंत्राटाच्या अटींत तसें लिहून घेण्यास कोणाची आडकाठी नाहीं. वाचणारा शिपाई असला तर फारच उत्तम; विभागप्रमुखाहून त्याचा आवाज लांब जातो.

आणि शेवटीं तिमाही विवरण. कोणत्या सूचना निघाल्या, त्या कोठें कोठें वाचल्या, किती नोकर हजर होते व त्यांत कंत्राटी किती, एवढ्या चार रकान्यांचा कागद प्रत्येक विभागानें कुलसचिवांकडे पाठवावा व त्याची प्रत फलकावर लावावी. सुरुवात १८ नोव्हेंबरच्या वर्धापनदिनापासून करतां येईल. त्या दिवसाची पत्रिका छापावयास जाईल तेव्हां त्याच मजकुराचें मराठी पान हजेरीच्या ठिकाणीं वाचलें जावें, खुर्च्या मांडणारांसाठीं त्यांतील कांहीं खुर्च्या राखून ठेवाव्यात, आणि पहिलें विवरण डिसेंबरअखेर कुलसचिवांच्या टेबलावर यावें.