पाणी किती, आणि केव्हा?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना पोहोचली की इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी जाहीर होते. मधले चार फूट चढायला किती तास लागतील, हे मात्र या आकड्यांतून कळत नाही. ते कळते आलेखातून. ‘हेक-रास’सारखी पुराचे गणित मांडणारी सॉफ्टवेअर ठिकठिकाणची पातळी तासागणिक काढतात. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर पातळी मांडली, की पाणी किती वेगाने चढेल, कधी शिखर गाठेल आणि किती दिवसांत ओसरेल, हे दिसते.

लोकांसमोर बहुधा कमाल पातळीचा रंगीत नकाशाच येतो. आरोग्ययंत्रणेला त्याबरोबर वेळही कळायला हवी. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणारे रुग्ण आणि दिवस भरलेल्या गर्भवती यांना रस्ता बंद होण्याआधी हलवावे लागते. पूर ओसरल्यावरही आलेख उपयोगी पडतो. दूषित पाण्याशी संपर्क आल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे दिसतात. कोणत्या वस्तीत पाणी कधी शिरले आणि किती दिवस राहिले हे माहीत असेल, तर तापाच्या रुग्णांचा शोध कुठे आणि कधी घ्यायचा, हे आधीच ठरवता येते.

पावसाचा अंदाज चुकू शकतो. म्हणून एकाच रेषेवर विसंबू नये, कमी-अधिक पावसाच्या दोन-तीन रेषा सोबत दाखवाव्यात. पूरप्रवण भागातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आपल्या रस्त्याचा असा आलेख जूनपूर्वीच लागायला हवा.